कळसच्या गुऱ्हाळावर, चार माणसांत

पुण्याहून सकाळच्या एसटीने बारामतीला उतरलो, स्थानकासमोर मिसळ खाल्ली आणि इंदापूरकडची गाडी धरली. पिंपळीनंतर दोन्ही अंगांना ऊसच. मी निवृत्त सर्जन. भाजलेल्यांवर उपचार करण्यात आयुष्य गेले. कळसला निघालो होतो तो एका बाईवरचा खोटा आळ उतरवायला.

तिथल्या गुऱ्हाळात मंदाच्या गळ्यावर काहिलीतला (रस आटवायच्या मोठ्या कढईतला) उकळता रस उडाला होता. सासू सोनाबाईंनी तिला तडक विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्याखाली बसवले. पाणी लागले की भाजलेले चिघळते, असा तिकडचा समज. पुढे मंदाची मान छातीकडे ओढली गेली आणि दोष पाण्याला लागला. खरे तर पाण्यामुळेच जखम खोल जायची वाचली. मान आखडली ती माझ्यामुळे; तिच्यावर उपचार मीच केले होते. उशी काढा, मान मागे ताणून ठेवा, गळ्याला पट्टा बांधा, यातले काहीच न सांगता मी तिला घरी धाडले. लोक सासूला बोलत राहिले आणि मी गप्प बसलो.

एक थांबा आधीच उतरलो, म्हणून उन्हातून चालत गेलो. सोनाबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. मी सगळे सांगितले. मंदा दारात आली. माझ्याकडे बघायला तिला सगळे अंग वळवावे लागले.

"हितं माज्या कानात कशाला सांगताय?" सोनाबाई उठल्या. "बोल लागला गुऱ्हाळावर, चार मानसांत. तितं चला."

"आत्ती, च्या तरी घेऊ द्या त्यास्नी," मंदा म्हणाली.

"तितंच पाजू, गुळाचा!"

मंदा भाजली त्या दिवसापासून सोनाबाईंना काहिलीजवळ कोणी येऊ देत नसे. आम्ही पोचलो तेव्हा आजही गुळव्याने (गूळ तयार करणाऱ्याने) हात आडवा केला. मी मोठ्या आवाजात सारे पुन्हा सांगितले.

"म्हंजी पानी घालायचं?" त्याने विचारले.

"लगेच. साधे, वाहते, बराच वेळ. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट नको. मग स्वच्छ फडके आणि दवाखाना."

"आन् एवडं सांगायला म्हातारं व्हायची वाट बघितली व्हय, डाक्टर?"

सगळे हसले. मंदाला म्हणालो, "मान अजूनही शस्त्रक्रियेने सोडवता येईल. माझा विद्यार्थी करील."

"आत्ती संगं असतील तर येती," ती म्हणाली.

गुळव्याने हात खाली घेतला. सोनाबाई काहिलीपाशी गेल्या, वाफेत क्षणभर उभ्या राहिल्या आणि जमलेल्यांकडे हात करून मला म्हणाल्या,

"माजं पानी बराबर हुतं, मला ठावं हुतं. ह्यास्नी न्हवतं."

परतीच्या गाडीत तेच वाक्य मनात घोळत होते. 'आधी पाणी' हे मी कितीतरी विद्यार्थ्यांना शिकवले, आणि ज्या बाईने ते न शिकता केले ती कळसला बोल खात होती. पुन्हा कधी वर्गात उभा राहिलो, तर पाण्याच्या आधी सोनाबाईंचे नाव घेईन.