झेंड्याचा उजवा हात

"जेवायचा हात कुठला, तेवढं तरी ठाऊक हाय का रं तुला?"

सव्वीस जानेवारीची सकाळ. नारपोलीतली आमची बौद्धवस्ती. सगळ्यांसमोर मला हे विचारणारे आमचे प्रमुख पाहुणे, दापोड्याचे शेठ. बापजाद्यांच्या भातशेतीवर त्यांनी गोदामं बांधलेली. त्यातल्या एका गोदामात मी माल उतरवायचो. शेठना पाहुणे म्हणून बोलवायचं शहाणपणही माझंच. म्हटलं, शेठ खूश तर नोकरी पक्की.

वस्तीतली पोरं हसली. मीही हसलो. मालकानं टोमणा मारला की हसायचं, ही सवय अंगात मुरलेली.

बरं, चूक झाली होती. झेंड्यांचं काम मी हौसेनं अंगावर घेतलेलं. एका बांबूला तिरंगा, दुसऱ्याला आमच्या धम्माचा पाच रंगांचा पंचशील ध्वज. तिरंगा वीतभर उंच, ते जमलं. तिरंगा उजवीकडे हवा, हेही माहीत होतं. पण मी समोर उभा राहून माझा उजवा हात धरला. धरायचा असतो झेंड्याचा. त्याच्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभं राहायचं, मग उजवं बघायचं. एवढी अक्कल कुठली!

"थांबा शेठ, बदलतो."

दोन्ही बांबू उपटले, जागा बदलल्या, दगड ठोकून घट्ट बसवले. धुळीचे हात पँटला पुसत म्हणालो, "आता ओढा दोरी."

शेठनी दोरीला हात लावला नाही. पंचशील ध्वजाकडे बोट केलं.

"ते फडकं उतरव आधी. तिरंग्याच्या बाजूला तुमचं कायबी चालायचं न्हाय."

"चालतं शेठ. बाजू चुकली होती, ती बदलली."

"मला शिकवतोस? उतरव. न्हायतर उद्यापासून ड्युटीवर येऊ नको."

तो ध्वज माझ्या आईनं शिवला होता. ती समोरच उभी, पांढऱ्या साडीत. आणि माझा हात? गेला की बांबूकडे. गुलाम हात डोक्याला विचारत नाही.

बांबू धरला आणि आठवलं. त्याच सकाळी मी शेठच्या गोदामाच्या पत्र्यावर चढलो होतो. एकाच दांड्याला वर त्यांच्या ट्रान्सपोर्टचा झेंडा आणि त्याच्या खाली तिरंगा. शेठ खालून सांगत होते, मी वर बांधत होतो. तेव्हा त्यांना नियम आठवला नाही. मलाही नाही.

"शेठ, तुमच्या गोदामावर तिरंग्याच्या डोक्यावर तुमचा झेंडा हाय. तो उतरवा आधी. आमचा न्हाय उतरणार."

"माजलात तुम्ही."

"हो."

शेठची जीप गेली. दोरी आईनं ओढली.

नोकरी गेली. दुसरी मिळेपर्यंत घरात चूल जेमतेम पेटली. त्याचं गाणं गात नाही. मी आजही चुकतो, चूक दाखवली तर सुधारतो. पण चुकीचं निमित्त काढून जो आमचं निशाण उतरवायला येईल, तो पाहुणा असो की मालक, त्याला मी वस्तीच्या तोंडाशीच अडवीन. आणि अडवताना हसणार नाही.