पोकरच्या टेबलावर धोंड्याचं वाण

माझ्या सासऱ्यांनी मला धोंड्याचं वाण गोव्याच्या कॅसिनोत, पोकरच्या टेबलावर दिलं.

लोकांचे सासरे अधिक महिन्यात जावयाला चांदीचं ताट देतात, तेहतीस अनारसे देतात. माझं वाण पाहायला एक मॅनेजर आणि दोन पहिलवान धावत आले! आणि यात माझी चूक एवढीशीही नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो.

मी नेरला हायस्कुलात गणित शिकवतो. वर्षभर मी पोकरचा अभ्यास केला. अभ्यासच! रोज तासभर, वही घेऊन (वहीवर ‘संभाव्यता’ लिहिलं होतं, बायकोला संशय नको म्हणून). पण मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे कोण पटवणार? ते महागावचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. त्यांचं एकच पालुपद, “मास्तर माणूस अन् पत्ते कुटते!” लग्नाला नऊ वर्षं झाली, या माणसाने मला एकदाही हुशार म्हटलेलं नाही. माझ्या साडूला म्हणतात! ज्याला अजून तेराचा पाढा येत नाही त्याला!

म्हणून त्यांनी “वाण काय पाह्यजे जवाईबुवा?” विचारल्याबरोबर मी म्हटलं, “गोवा. आणि तुम्ही सोबत चला.” पोकर हे डोक्याचं काम आहे, हे मला त्यांच्या डोळ्यांदेखत दाखवायचं होतं. निदान एकदा तरी ‘हुशार’ ऐकायचं होतं!

रेल्वेत मी त्यांना सगळं शास्त्र समजावलं. घाई करायची नाही. दहातले आठ डाव पत्ते पाहून सोडून द्यायचे. आपली पाळी शेवटी असेल तेव्हाच जोर करायचा, कारण तोवर बाकीच्यांची चाल कळलेली असते. चेहरा दगडासारखा ठेवायचा. असं तास-दीड तास शहाण्यासारखं बसलं की मग एकदा बेधडक थाप मारायची. लोकांना वाटतं, याने जोर केला म्हणजे याच्याकडे काहीतरी असणारच!

“म्हंजे दीड घंटा खरं बोलाचं अन् मंग खोटं,” मामाजी म्हणाले. “याले शास्त्र कायले पाह्यजे? हे तं आमच्या गाडीत रोज चाले.”

दुपारी चारला आम्ही नदीकाठच्या कॅसिनोत शिरलो. ठरलं होतं की मामाजी मागे उभे राहतील. तर हे माझ्या शेजारच्या खुर्चीवर! “उभं राहून जिंदगी गेली, आता बसतो,” म्हणाले. टोकन घेऊन खेळायलाही लागले!

मी शास्त्राप्रमाणे पत्ते सोडत होतो. एक डाव, चार डाव, पंधरा डाव.

“जवाईबुवा, तुमी खेळून राह्यले का नुसते पत्ते वापस करून राह्यले?”

“मामाजी, संयम!”

तेवढ्यात समोरच्या टोपीवाल्याने ढीगभर टोकन पुढे सरकवले. मामाजी माझ्या कानात (अख्ख्या टेबलाला ऐकू जाईल असं) म्हणाले, “याच्याकडं तिकीट नाई!” आणि स्वतः तेवढेच टोकन टाकून मोकळे! टोपीवाल्याने पत्ते उलटले, तर खरंच काही नाही! मग आणखी दोघांना त्यांनी असंच ‘बिगर तिकिटाचं’ पकडलं. माझ्या वहीत याला कुठेही जागा नव्हती. मी भडकलो!

दीड तास झाला. माझी थापेची वेळ आली. पत्ते आले सत्ती आणि दुर्री, पोकरमधले सगळ्यात भिकार! मधे सगळ्यांसाठी उघडे मांडलेले तीन पत्तेही माझ्या कामाचे नव्हते. मी चष्मा काढला, शांतपणे पुसला, परत घातला. चेहरा दगड. आणि होते नव्हते ते सगळे टोकन पुढे ढकलले.

“ये आदमी डेढ़ घंटे से हिला नहीं,” म्हणत टोपीवाल्याने पत्ते फेकले. बाकीच्यांनीही फेकले. शास्त्र चालत होतं हो! राहिले फक्त मामाजी.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “जवाईबुवा, वापस घ्या.”

“टेबलावर टाकलेलं वापस घेता येत नाही!”

“बरं मंग.” त्यांनी आपले पत्ते उघडे केले. दोन एक्के! मधे मांडलेल्या पत्त्यांत तिसरा! “मी सोडलं.”

“अंकल, आप जीत रहे हो!” पत्ते वाटणारी पोरगी ओरडली.

“मालूम है बाई. लेकिन धोंडे का महिना है. जवाई से लेते नहीं, देते हैं!” असं म्हणून त्यांनी आपलाही ढीग माझ्याकडे सरकवला, वर खिशातली सुपारी ठेवली आणि माझ्या पाया पडायला टेबलाखाली वाकले!

झालं! पोरीला वाटलं, मामाजी खालून मला पत्ते देताहेत. मॅनेजर आला, पहिलवान आले.

“नीचे क्या दिया?”

“दिया कुछ नहीं, पाव पडा!”

“किसके?”

“इनके!”

“आप बुजुर्ग हो, और पाँव आप पड़ रहे हो?”

“दामाद है ना!”

हे त्याला पटेना. पाच मिनिटांत आम्ही दोघे बाहेर, नदीच्या काठावर.

मी ओरडलो, “वर्षभर अभ्यास केला मामाजी! तुम्ही एक्के टाकलेच काहून?”

“मंग काय भर रस्त्यात उतरवू तुमाले? तिकीट नव्हतं तुमच्याकडं.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“खोटं असलं का तुमी चष्मा पुसता. लग्नाच्या बैठकीत पगार सांगतला, तईबी पुसला होता.”

परतल्यावर महागावात, भर पंगतीत, साडूच्या देखत मामाजी म्हणाले, “मोठे जवाई लय हुशार! माह्यापाशी तीन एक्के, तरी मले सोडाले लावलं!”

नऊ वर्षांनी ऐकला तो शब्द! माझी छाती फुगली. बायकोने हळूच विचारलं, “अहो, खरंच हरवलंत बाबांना?”

“मग! शास्त्र आहे ते.”

ती माझ्या तोंडाकडे पाहतच नव्हती, हातांकडे पाहून हसत होती. मी चष्मा पुसत होतो, आणि काच कधीचीच लख्ख झाली होती!