टेंभरेसाहेबांची दोन दारांची गाडी

पहिल्या भेटीत टेंभरेसाहेबांनी मला नावसुद्धा विचारलं नाही. गोंदियाच्या माझ्या फोटो स्टुडिओत ते आले, काउंटरवर पडलेला एका लग्नाचा फोटो उचलला आणि कोपऱ्यात छापलेल्या तारखेवर अंगठा ठेवून म्हणाले, "हे तारीख खरी आहे, का तुम्ही भरली?"

"कॅमेऱ्यात आपणच भरावी लागते," मी म्हणालो.

"म्हणजे खोटीबी भरता येते. मग छापता कायले?"

तरीही काम त्यांनी मलाच दिलं. मी खरं उत्तर दिलं म्हणून दिलं, असं मी बरेच दिवस समजत होतो. पुढे कळलं, बाकीच्या फोटोवाल्यांवर त्यांचा माझ्याहून जास्त संशय होता.

ते विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्यांची तपासणी करायचे. नुकसान खरं किती आणि मागाहून मुद्दाम केलेलं किती, हे ठरवणं त्यांचं काम. नव्याण्णव सालापासून मी कॅमेरा गळ्यात अडकवून त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसू लागलो. देवरी, चिचगड, सालेकसा, जिथे गाडी उलटली तिथे आम्ही. गाडीमालकाकडे ते पाणीही प्यायचे नाहीत. गाडीभोवती आधी एक मुकाट फेरी मारायची, मग वाकून चाकांमागची जमीन पाहायची आणि शेवटी माणसाच्या तोंडाकडे. "गाडी खोटं बोलत नाही, भाऊ. तिच्या बाजूले उभा राहते तो बोलते," असं ते म्हणत.

एकदा चिचगडच्या वळणावर एक ट्रक झाडावर चढलेला होता. ड्रायव्हर सांगत होता, गाय आडवी आली. साहेबांनी रस्ता पाहिला. "गाय आली तर ब्रेक मारला असशील. टायर घासल्याचं निशाण कुठं आहे?" ड्रायव्हर मागे वळून रस्ता पाहू लागला. "झोप लागली म्हण ना. झोपेचा क्लेम मंजूर होते, खोट्या गायीचा नाही होत." ड्रायव्हरने मान खाली घालून हो म्हटलं आणि त्याच्या मालकाला भरपाई मिळाली. त्या भागात त्यांचं नाव निघालं की लोक कुरकुरत, पण त्यांनी कुणाला बुडवलं असं कुणी म्हणत नसे.

अशा माणसाने पन्नाशी ओलांडल्यावर दोन दारांची स्पोर्ट्स कार घ्यायचं ठरवलं.

ते साल दोन हजार अकरा असावं. गाडी परदेशी बनावटीची, बुटकी, लांब नाकाची, मागे नावापुरती सीट. नागपुरात विकायला होती आणि दहाएक वर्षं जुनी. मी विचारलं, "साहेब, आपल्या रस्त्यांवर ही चालेल कशी?"

"चालवायले नाही घेऊन राहिलो. ठेवायले घेऊन राहिलो." मग त्यांनी मला समजावलं. गाडीचं एक वय असं असतं की तिला कुणी विचारत नाही. नवी म्हणायला जुनी आणि जुनी म्हणायला नवी. त्याच वयात ती घ्यायची. "पुढं साऱ्या गाड्या आपोआप चालतीन. हातानं गिअर टाकायची अशी गाडी बनणारच नाही. तवा लोक हिच्यासाठी पागल होतीन. पाहजा तुम्ही."

आम्ही नागपूरला गेलो. विकणारे एक निवृत्त अधिकारी होते. गाडी त्यांच्या मुलीची होती आणि ती आता विकायची म्हणत होती. साहेबांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून फिरवायला सुरुवात केली. ठोकलेला पत्रा वर लांबीचा लगदा भरून सारखा केलेला असेल, तर त्यावर चुंबक धरत नाही. इथे सगळीकडे घट्ट धरलं. पण डाव्या दाराशी ते थांबले. बाजूला होऊन तिरप्या उन्हात पाहिलं. दाराच्या रबरावर रंगाची बारीक रेघ होती.

"हे दार रंगवलं आहे."

"गेट घासलं होतं," अधिकारी म्हणाले.

"गेट घासलं तर पत्रा दबते. पत्रा दबला नाही."

अधिकारी चिडले. आम्ही परत आलो. साहेब रेल्वेत सारखं एकच म्हणत होते, "मार नाही, पण रंग आहे. काऊन?" गाडी पसंत होती, भाव पटला होता, पण त्या दाराने त्यांची झोप उडवली. पुन्हा गेलो. पुन्हा तेच गेटचं उत्तर. तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा अधिकारी दारातूनच आम्हाला वाटेला लावायला निघाले होते. इतक्यात त्यांची मुलगी बाहेर आली. तिशीची असेल. ती सरळ गाडीजवळ गेली आणि डाव्या दारावर हात ठेवून म्हणाली, "इथं खिळ्यानं लिहिलं होतं. माझ्याबद्दल. मी लग्न मोडलं म्हणून त्या मुलानं लिहिलं आणि गाडी रात्रभर रस्त्यावर होती. सगळ्या गल्लीनं वाचलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी रंग मारून घेतला. अजून काही विचारायचं आहे?"

तिचे वडील भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी चुंबक रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "नाही, बेटा. गाडी चांगली आहे. मी नेतो."

गोंदियात गाडी आली आणि सगळं शहर साहेबांची तपासणी करू लागलं. नागपूरच्या फेऱ्यांचा साहेबांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, वेगळाच अर्थ लावला होता. एक दिवस त्या माझ्या स्टुडिओत आल्या. "भाऊजी, खरं सांगा. तिथं कोण बाई आहे?" मी दाराची हकिकत सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, पण पटल्यासारख्या दिसल्या नाहीत.

लोक तर उघडच बोलायचे. "सर्वेवाले को ऐसी गाडी? माल दबाया होगा." काही महिन्यांत कुणीतरी विमा कंपनीकडे निनावी तक्रार केली. साहेबांचं काम थांबवलं आणि चौकशीला एक तरुण अधिकारी आला. मलाही बोलावलं, कारण फोटो माझे होते. त्याने जुन्या क्लेमचे सगळे फोटो मागितले, एकेक गाडी विचारली, साहेबांच्या गाडीचा पैसा कुठून आला ते विचारलं. साहेबांनी गोरेगावचा प्लॉट विकल्याची कागदपत्रं समोर ठेवली. अधिकाऱ्याने ती उजेडात धरून पाहिली. मला राग आला. साहेब शांत होते.

महिनाभराने काही सापडलं नाही म्हणून तो माफी मागायला आला, तेव्हा साहेब त्याला म्हणाले, "माफी कायले? तुमच्या जागी मी असतो तर मीबी माझ्यावर इस्वास नसता ठेवला."

तो गेल्यावर मात्र ते अंगणात येऊन माझ्याशेजारी बसले. "भाऊ," ते म्हणाले, "समोरचा खोटा आहे असं धरून आपण प्रश्न विचारतो ना, ते कसं लागते ते मले आज समजलं." काम त्यांनी पुन्हा सुरू केलं. प्रश्नही तेच राहिले. फक्त ते आता माणसाला बाजूला नेऊन विचारायचे, चार लोकांत नाही.

पुढे त्यांच्या गुडघ्याने दगा दिला. क्लच दाबवेना. गाडी टिनाच्या शेडखाली उभी राहिली आणि उभी गाडी खराब होते, या चिंतेने ते झुरू लागले. मेकॅनिकच्या हाती द्यायची नाही, मुलाच्या हाती द्यायची नाही. मीही त्यांच्या भरवशाच्या बाहेर होतो. शेवटी एका सकाळी त्यांनी वहिनींना चावी दिली. वहिनींनी तोवर सायकलसुद्धा चालवली नव्हती. आमगाव रोडवर मोकळ्या रस्त्यात शिकवणी सुरू झाली. मी मागच्या त्या नावापुरत्या सीटवर पाय पोटाशी घेऊन बसायचो. गाडी गचके खायची, बंद पडायची, आणि साहेब शेजारी बसून एकच सांगायचे, "घाबरू नको. मी पाहून राहिलो ना."

वहिनी शिकल्या. दर रविवारी दोघं फेरी मारून यायची. धानाच्या बांधावरून बाया हात थांबवून पाहायच्या. साहेब काचेला डोकं टेकून चक्क झोपलेले असायचे.

दोन हजार सतराच्या हिवाळ्यात ते गेले. वर्ष झालं नसेल, रायपूरहून एक गृहस्थ गाडी शोधत आले. अशा गाड्यांचे भाव चढू लागले होते. साहेब म्हणाले होते तसंच सारं होत होतं. मी त्या गृहस्थांना घेऊन साहेबांच्या घरी गेलो. गृहस्थांनी बोललेली किंमत ऐकून मुलगा खुर्चीत पुढे सरकला. वहिनींनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि पदर खोचत उठल्या.

"भाव चांगला आहे जी तुमचा," त्या म्हणाल्या, "पण माझी अजून चालवून नाही झाली."