पातेल्यापाशी ऐकलेलं पद

तंजावूरला उतरले तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि स्टेशनबाहेरचे रिक्षावाले कानटोप्या घालून कुडकुडत होते. मी साताऱ्याची, आमच्याकडे अशा हवेत पंखा लावतात. "बहुत ठंडी," रिक्षावाला म्हणाला. मीही शाल खांद्यावर टाकून त्याचा मान राखला.

एका वळणावर धुक्यातून मोठ्या देवळाचं शिखर वर आलं. चित्रांत शंभरदा पाहिलं होतं, पण चित्र पाहताना मान इतकी मागे टाकावी लागत नाही. मी खुळ्यासारखी बघत राहिले. रिक्षावाल्याने न सांगता रिक्षा थांबवली होती. त्याला याची सवय असावी.

माझा मुक्काम होता ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आत्याकडे. अंबुआत्यांचं घराणं मराठे राजांच्या काळापासून इथलं. मराठी बोलतात, पण तमिळच्या हेलात. "ये मा, ये. प्रवास बरा झाला की? आधी कापी पी," त्या दारातूनच म्हणाल्या. मी लगबगीने पुढे झाले आणि थेट त्यांच्या कोलमवर (रांगोळीवर) पाय दिला. शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल माझ्या चपलेला चिकटून घरात आलं. "असू दे," आत्या हसून म्हणाल्या, "फूल घेऊन आलीस."

मार्गळी महिना चालू होता. मार्गळी म्हणजे आपला धुंधुरमास. आपल्याकडे तो मुगाच्या खिचडीपुरता उरला आहे. इथे सगळी आळी महिनाभर त्यात राहते. पहाटे भजनाची दिंडी आळीला वळसा घालते. रोज एका घराचा मान असतो, त्या घरचा पोंगल (मिरं-जिरं घातलेली मऊ खिचडी) सगळ्यांना मिळतो. संध्याकाळी भर रस्त्यात खुर्च्या मांडतात. कधी वीणा, कधी शाळेतल्या मुलींचा नाच, रविवारी कोलमची स्पर्धा.

पहिल्या संध्याकाळी वीणा ऐकायला गेले आणि सवयीने तिकीट कुठे मिळतं असं विचारलं. झांजा पुसत बसलेले एक गृहस्थ हिंदीत म्हणाले, "मी जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली. इथे नाही फाडत. बसा." हे चोक्कलिंगम, निवृत्त कंडक्टर आणि आळीच्या दिंडीचे झांजवाले. मी बसले. समोर वीणा, शेजारी भाजीच्या पिशव्या घेऊन बसलेल्या बायका, मागे स्कूटरवर बसल्या बसल्या मान डोलावणारे लोक. इतकं चांगलं संगीत इतक्या साधेपणाने मी कधी ऐकलं नव्हतं.

घरी परतल्यावर आत्यांनी एक जुनी वही पुढ्यात ठेवली. वहीत देवनागरीत एक पद होतं, त्यांच्या आजेसासऱ्यांनी रचलेलं. त्यांच्या घराच्या मानाच्या दिवशी ते ओट्यावर सुरू होतं, मगच दिंडी हलते.

"हे म्हणायचे," आत्या म्हणाल्या. 'हे' म्हणजे त्यांचे यजमान, आळीचे राव. "त्यांला जाऊन दीड वर्ष झालं. मागल्या मार्गळीत आमी काही केलं नाही. यंदाही पद झालं नाही तर आमचा दिवस दुसऱ्या घराला जाईल. कोणी वाईट बोलणार नाहीत मा. पण जाईल."

"मग तुम्हीच म्हणा की."

"मज कुठं येतंय? चाळीस वर्षं मी आत पातेल्यापाशी. दिंडी फिरून येईतो पोंगल गरम पायजे. दोन ओळी ऐकू यायच्या, मग ते कोपऱ्यावर वळायचे." त्यांनी वहीवरून हात फिरवला. "ही अक्षरंही मज वाचता येत नाहीत. परवा आमचा दिवस. तू वाचतेस ना?"

"वाचते काय, म्हणूनच दाखवते!" उचलली जीभ लावली टाळ्याला. मराठी पद मराठी माणसाला येणार नाही तर कुणाला?

मानाच्या दिवशी अंधारातच आळी ओट्यासमोर जमली. मी वही उघडली, घसा खाकरला आणि आमच्या गल्लीतल्या आरतीच्या चालीवर ठोकून दिलं:

"कावेरीच्या काठी देव माझा उभा,
उजळली प्रभा पूर्वेकडे..."

मृदंगवाल्याचा हात एकदा पडला, दुसऱ्यांदा अडखळला, मग थांबला. झांजाही थांबल्या. मी तशीच रेटायला गेले आणि तिसऱ्या ओळीशी माझाच आवाज मला परका वाटू लागला. दारात आत्या उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात फुलं विकणाऱ्या सेल्वीने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. डोळे मिटून तिने तीच ओळ घेतली, पण संथ, खालच्या सुरात. दुसरी ओळ चोक्कलिंगमनी उचलली. तिसरीला मृदंग मिळाला, आणि चौथीला सगळी आळी गात होती. एकालाही मराठी येत नव्हतं. चाळीस वर्षं आत्यांच्या यजमानांच्या मागून चालता चालता पद त्यांच्या तोंडी बसलं होतं. मी हलक्या आवाजात त्यांच्यात मिसळले.

"अर्थ कळतो तुम्हाला?" पहिलं कडवं झाल्यावर मी हिंदीत विचारलं. चोक्कलिंगमनी ते सेल्वीला तमिळमध्ये सांगितलं. ती हसली आणि काहीतरी म्हणाली. "म्हणते, अर्थ रावांना माहीत होता," चोक्कलिंगम म्हणाले. "आमच्यासाठी हे मार्गळीचं गाणं."

दिंडी निघायची वेळ झाली आणि आत्या सवयीने आत वळल्या. मी त्यांच्या हातातला डाव काढून घेतला. "तुम्ही जा. पातेलं मी बघते."

"मी? मी कधी गेलेच नाही मा."

"म्हणूनच."

सेल्वीने त्यांचा हात धरला. आत्या पायरी उतरल्या. स्वतःच्याच आळीत त्या पाहुण्यासारख्या चालत होत्या.

मी चुलीशी उभी राहून ढवळत राहिले. पद पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, कावेरीचा काठ आला, पूर्वेची प्रभा आली, आणि मग दिंडी कोपऱ्यावर वळली. पुढे नुसता पोंगलचा बुडबुड आवाज. दोन ओळी. चाळीस वर्षं त्यांच्या वाट्याला एवढंच आलं होतं. मी तिथेच डोळे पुसले आणि पोंगल जरासा खाली लागला.

दिंडी परतली तेव्हा उजाडलं होतं. लागलेला पोंगल आळीने नावं न ठेवता खाल्ला. पुढच्या वर्षीही हा दिवस याच घराचा, असं चोक्कलिंगम खाता खाता सांगून गेले. आत्या ओट्यावर टेकल्या. त्यांना धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता.

"पुढचं कडवं किती सुंदर आहे मा," त्या म्हणाल्या. "मज माहीतच नव्हतं."

साताऱ्याला परतले. धुंधुरमास अजून संपला नव्हता, म्हणून एका पहाटे उठून मुगाची खिचडी टाकली. ढवळता ढवळता पद गुणगुणू लागले. वहीतले शब्द सगळे पाठ आहेत. चाल मात्र पातेल्यापाशी ऐकलेल्या दोनच ओळींची येते.