पेल्यात उरलेलं पाणी

बाळांनो, लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि गावाकडे दुष्काळ होता, तेव्हाची ही माझी लंडनमधली बोटीची सहल. शेजारी औशाहून लेकाकडे आलेली एक म्हातारी होती. पूल, राजवाडे यांकडे तिचं लक्षच नव्हतं. लोकांच्या पेल्यांत उरलेलं पाणी ती आपल्या तांब्यात जमवत होती, बोटीवरच्या सुकलेल्या फुलझाडासाठी. वेटरने तो तांब्या नदीत ओतायला उचलला, तशी तिने त्याचं मनगटच धरलं.

मी म्हटलं, "अहो, खाली एवढी नदी वाहतेय!"

"ते नदीचं हाय, अक्का. हे मानसानं पेल्यात घेतलेलं. फेकून कसं चालंल?"

मी वेटरला इंग्रजीत समजावलं. तो हसला, तांब्या परत देऊन आत गेला आणि स्वतःचा अर्धा पेला घेऊन आला.