आधी तुम्ही आ करा

दात काढून झाला की पेशंट आपल्या गावाला जातो, किस्सा मात्र आमच्या घरात राहतो. साताऱ्याला आमच्या पुढच्या खोलीतच दातांचा दवाखाना होता. लढाईच्या त्या वर्षांत साखर रेशनवर मिळायची, पण असले किस्से रोज हवे तेवढे यायचे. मैत्रिणी म्हणतात, "तुझी मजा होती बाई." मजा कसली! पाणी उकळा, रक्ताची फडकी धुवा आणि वर घाबरलेल्या माणसांना धीर द्या. हे शेवटचं काम खरं तर डॉक्टरांचं, म्हणजे आमच्या ह्यांचं. पण हे पेशंटला एकच वाक्य म्हणत, "घाबरायचं काय त्यात?" आणि तेही अशा आवाजात, की न घाबरलेला माणूससुद्धा घाबरे.

त्यात ह्यांची स्वतःची खालची डावी दाढ किडलेली. लग्न झाल्यापासून मी ह्यांना उजव्या बाजूनेच जेवताना पाहत होते. कधी काढणार विचारलं की म्हणत, "सवड मिळाली की." दोन वर्षं झाली तरी सवड मिळाली नव्हती. लवंगेच्या तेलाची बाटली मात्र महिन्याला संपे.

*

वाईचे एक मास्तर सकाळच्या सर्व्हिस मोटारीने आले. खुर्चीत बसले. ह्यांनी पांढऱ्या फडक्यावर एकेक चिमटा, पक्कड, सुई मांडायला घेतली, अगदी पूजेची तयारी करावी तशी. मास्तरांनी सगळं पाहिलं आणि मोठ्या अदबीने उठले. "आलोच हं, सायकलला कुलूप लावायचं राहिलं."

अर्धा तास आम्ही वाट पाहिली. मग माझ्या लक्षात आलं, हा माणूस तर मोटारीने आला होता! त्यांची छत्री दिवाळीपर्यंत आमच्या कोपऱ्यात होती.

तेव्हापासून मी हत्यारांवर टॉवेल टाकायला लागले. ह्यांना ते पटलं नाही. "लपवायचं काय त्यात?" म्हणाले.

*

लोणंदहून एक सून दात दाखवायला आली आणि तिच्याबरोबर घरची सात माणसं. सगळी खुर्चीभोवती उभी. ह्यांनी सुनेला "आ करा" म्हटलं की सातही जण आ करत. सासूबाई सगळ्यांत पुढे. ह्यांची नजर नेमकी त्यांच्या तोंडात गेली.

"तुमचे तर दोन काढावे लागतील," हे म्हणाले.

सासूबाईंनी तोंड मिटलं, पदर सावरला आणि सुनेला म्हणाल्या, "चल गं." मिनिटभरात खोली रिकामी. सून बिचारी जाताना अजून आ करूनच होती.

मी म्हटलं, "अहो, नातेवाइकांच्या तोंडात कशाला बघायचं?" तर म्हणाले, "दिसलं ते सांगितलं."

*

मग मीच एक युक्ती काढली. पेशंट बसला की त्याला सांगायचं, "दुखलं तर हात वर करा, डॉक्टर लगेच थांबतील." आपल्या हाती काहीतरी आहे एवढं कळलं, की माणूस निम्मा शांत होतो. ही युक्ती चांगली चालली, इस्लामपूरचा एक गुळाचा व्यापारी येईपर्यंत. तो खुर्चीत टेकला आणि त्याने हात वर केला. ह्यांनी अजून आरसासुद्धा उचलला नव्हता.

"अहो, मी हात लावलेला नाही अजून."

"ते दिसतंय की. आदीच करून ठिवला. मागनं सुदरंल न सुदरंल."

शेवटी हात वर असतानाच दात काढला. गूळवाल्याने तसंच उठून चपला घातल्या आणि पायरीवरून मागे वळून मला विचारलं, "वैनी, आता खाली घिऊ का?"

*

पेशंटला बोलतं केलं की भीती जाते, हेही मला तिथेच कळलं. पण ते किती बोलू द्यायचं हे कळलं नाही. शिरवळच्या एका बाईंचे हात लटलटत होते, म्हणून मी सहज विचारलं, "सून कशी आहे?" झालं! बाईंचे हात थांबले आणि तोंड सुरू झालं. हे पक्कड घेऊन उभे. बाई हातानेच त्यांना "थांबा" म्हणत आणि पुढे सांगत. तासाभराने त्या उठल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लय हलकं वाटलं बघ. आता काय दुकत न्हाई."

दात तसाच घेऊन गेल्या.

*

मला खरा घोर होता तो ह्यांच्या दाढेचा. त्या उन्हाळ्यात ह्यांचा गाल सुजला, ताप यायला लागला. चार दिवस नुसत्या पेजेवर होते. ह्यांच्याबरोबर शिकलेले एक डॉक्टर सांगलीला होते. त्यांच्याकडे जाऊ म्हटलं, तर हे म्हणाले, "पेशंट टाकून कसा येऊ?" मला भयंकर राग यायचा आणि एकटी असले की रडू यायचं. दाढेचं विष अंगात भिनून माणसं दगावतात, हे मला ह्यांनीच सांगितलं होतं.

अशात कोरेगावकडचे ज्ञानू आबा दाढ धरून आले. बैलांची पारख करावी तर आबांनीच, असं त्यांचं नाव होतं. बाजारात जाताना लोक त्यांना मुद्दाम बरोबर नेत. आबा खुर्चीत बसले. ह्यांनी सुजल्या गालाने म्हटलं, "आ करा."

"आदी तुमी करा."

"मी?"

"व्हय. बैल घ्याचा म्हंजी आदी दात बगत्यात. डाक्टर बी तसाच घ्यावा."

असं म्हणून आबांनी शांतपणे ह्यांची हनुवटी धरली आणि अंगठ्याने ओठ बाजूला केला. मी उकळलेलं पाणी घेऊन दारातच थांबले. दोन वर्षं मी विनवत होते तेव्हा न उघडलेलं तोंड ह्यांनी उघडलं!

आबांनी ह्यांची मान उजेडाकडे वळवली. "डावी दाढ पार गेलीया. काडली का न्हाई?"

"सवड..."

"सवड न्हवं. भ्या वाटतंय." बैलाचं वय सांगावं तसं त्यांनी सांगितलं. बाकावरचे चार पेशंट ऐकत होते.

"असू द्या. मला बी वाटतं," आबा म्हणाले. "वैनी, दुसरं डाक्टर कुटं हाईत? सांगलीला? मी येतो संगं. आदी ह्यांची, मग माजी."

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं आगगाडीने सांगलीला गेलो. आबा वाटभर बैलांच्या गोष्टी सांगत होते आणि हे खिडकीबाहेर बघत होते. सांगलीच्या डॉक्टरांना जुना मित्र आल्याचा फार आनंद झाला. त्यांनी ह्यांना खुर्चीत बसवलं आणि पांढऱ्या फडक्यावर एकेक चिमटा, पक्कड, सुई मांडायला घेतली. टॉवेल नाही, काही नाही. वर म्हणाले, "घाबरायचं काय त्यात?"

ह्यांच्या कपाळावर घाम आला. खुर्चीचा दांडा धरलेली बोटं पांढरी पडली. माझा राग कुठल्या कुठे गेला.

हे सावकाश उठले. कोट नीट केला.

"आलोच हं," म्हणाले, "सायकलला कुलूप लावायचं राहिलं."

आबा दाराला टेकून बसले होते. ते जागचे हलले नाहीत.

"बसा डाक्टर," ते म्हणाले, "मी लावून आलोय."