न प्यायलेल्या चहाची चव

"आज कसा होता?"

दार उघडता उघडताच सासऱ्यांचा हा प्रश्न यायचा. 'आलीस का' नाही, 'दमलीस का' नाही. एक हात कडीवर, दुसरा फ्लास्क घ्यायला पुढे केलेला आणि भुवया पार कपाळात. चपला काढायच्या आत सुनेला उत्तर द्यावं लागे. आणि ती द्यायचीही कशी! पर्स खांद्यावरून उतरवत, डोळे अर्धे मिटून, जणू चव अजून जिभेवर घोळते आहे.

"बाबा, पहिल्या घोटाला नुसती दालचिनी. मग मागून हळूच संत्र्याचं साल. कुणीतरी शेजारच्या खोलीत संत्रं सोलतंय असं वाटलं."

"शेजारच्या खोलीत?"

"हो. आणि दार किलकिलं आहे."

म्हातारबुवा एवढे खूश व्हायचे की फ्लास्क विसळतानाही पुटपुटत राहायचे, "दार किलकिलं! वा!" आणि सून बाथरूममध्ये जाऊन तोंडावर सपासप पाणी मारायची. कारण त्या चहाचा एक थेंबही तिने जिभेला लावलेला नसायचा.

ती बसस्थानकावर घोषणा करायची. फलाटांच्या मधोमध काचेची एक खोली, खोलीत टेबल, टेबलावर माइक, मागे सतत गरगरणारा पंखा आणि काचेपलीकडे सदैव घाईतली माणसं. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' या चार शब्दांवर तिचं पोट होतं. मान वर करून तिच्याकडे कुणी बघत नसे, पण तिचा आवाज आला की अख्खं स्थानक क्षणभर थबकायचं. त्या आवाजाला ती लहान मुलासारखं जपायची. थंड नाही, तेलकट नाही आणि कामावर असताना दूध तर मुळीच नाही. दुधाने घशात साय धरल्यासारखं व्हायचं आणि शब्द चिखलातून चाक निघावं तसे निघायचे. म्हणून ती नुसतं गरम पाणी प्यायची.

मग एवढी साधी गोष्ट तिने सासऱ्यांना सांगितली का नाही?

त्याचं असं झालं. सासरे जन्मभर बस चालवत आलेले. घाटात ब्रेक निकामी झाले तरी न डगमगणारा माणूस, पण घरातला गॅस कसा पेटवतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. सासूबाई गेल्या आणि ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसते उभे राहू लागले. एक दिवस त्यांनी फळीवरचे सासूबाईंचे डबे काढले. एकेकाचं झाकण उघडायचं, नाक आत घालायचं, विचारायचं, "हे काय गं?" "बडीशेप, बाबा." "आणि हे?" "चक्रीफूल." "आणि ही काटकी?" "दालचिनी ती!" म्हाताऱ्याला करता येईल असा पदार्थ एकच होता, चहा. मग त्या डब्यांतलं एकेक त्यात पडू लागलं. एके सकाळी त्यांनी घरातला जुना फ्लास्क घासूनपुसून सुनेच्या हातात दिला.

"लवंगेचा आहे. तुझ्या घशाला बरा."

तिने फ्लास्क घेतला. कामावर गेल्यावर इमानेइतबारे एक घोट प्यायली. लवंगेने जीभ बधिर झाली, दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यासारखी, आणि पुढची घोषणा दुधाने अशी घोगरी आली की खिडकीतल्या कारकुनाने वळून बघितलं. संध्याकाळी सांगायचंच, असं ठरवून ती घरी आली. बघते तो सासरे अंगात इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच दाढी केलेली.

"कसा होता?"

"मस्त होता, बाबा."

झालं. एकदा 'मस्त' म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडाने काही वेगळं सांगणार?

पण रोजचं वर्णन आणायचं कुठून? त्याचीही सोय झाली. स्थानकाचे कंट्रोलर, भरघोस मिशांमुळे ज्यांना सगळे मिशीवाले म्हणत, रोज नेमके तिच्या मधल्या सुट्टीत काचेवर टकटक करायचे.

"काय मॅडम, आज कुठला फ्लेवर?"

"पिऊन तुम्हीच सांगा."

मिशा बाजूला सारून ते फुर्रकन घोट घ्यायचे. ती समोर बसून उलटतपासणी घ्यायची.

"काय लागतंय?"

"चहा आहे, चहासारखा लागतोय."

"असं नाही चालायचं. आधी काय येतंय? मागे काय राहतंय?"

"मागे आमची सात नंबरची गाडी राहिलीय, मॅडम. पिऊ द्या की सुखाने!"

"साहेब, सांगा ना."

"बडीशेप आहे. जरा जास्तच. जेवल्याशिवायच जेवण झाल्यासारखं वाटतंय."

हे ती मनात टिपून घ्यायची आणि संध्याकाळी त्याला झालर लावून दारात वाढायची. दुसऱ्या दिवशी चहात बडीशेप कमी पडलेली असायची. मिशीवाल्यांच्या जिभेवर तिच्या घरचा चहा वळण घेत होता आणि सासऱ्यांना वाटत होतं, सुनेची आवड आपल्याला कळू लागली. ते दुपारची झोप मोडून लांबच्या बाजारात पुदिना आणायला जायचे. खिडकीत कागदावर संत्र्याची सालं वाळत घालायचे आणि त्यांवर पाणी उडालं तर वरच्या मजल्याशी भांडायचे. "माझ्या सुनेला कामावर लागतात ती!" हे ऐकलं की ती घाईने आतल्या खोलीत निघून जायची. उद्या सांगू, ती स्वतःला म्हणायची. उद्या नक्की.

आणि एकदा तर तिने हद्द केली. त्या दिवशी वेलदोड्याचा चहा होता. मिशीवाले घाईत नुसतं 'झकास' म्हणून पळाले होते. दारात सासरे उभे, आणि तिच्याकडे सांगायला काही नाही. तोंडातून निघून गेलं, "बाबा, झाकण उघडलं आणि आईंच्या हातांचा वास आला."

सासरे फ्लास्क पोटाशी धरून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसले. नंतर कितीतरी दिवस रोज वेलदोड्याचाच चहा आला. ती तो मिशीवाल्यांच्या पुढे सरकवायची आणि काचेतून दुसरीकडे बघायची.

मग मिशीवाल्यांची दाढ सुजली आणि ते रजेवर गेले.

त्या सकाळी तिलाही उशीर होत होता. "बाबा, द्या लवकर, बस जाईल!" ती दारातून ओरडली. 'आज पुदिन्याचा' म्हणत सासऱ्यांनी लगबगीने फ्लास्क आणून दिला. मधल्या सुट्टीत प्यायला कुणी नव्हतं. ती मागच्या बेसिनपाशी गेली, झाकण उघडलं आणि फ्लास्क उलटा केला. तेवढ्यात एक कंडक्टर मागून आला. कुणाचं तरी पोर हरवलं होतं. ती त्याच्याकडे मान वळवून नाव-गाव विचारत राहिली आणि फ्लास्क आपोआप रिकामा झाला.

संध्याकाळी प्रश्न आलाच.

"आज कसा होता?"

"आज ना, पुदिना अगदी बेताचा. थंडगार झुळूक आल्यासारखा. पण साखर किंचित जास्त, हं बाबा."

"साखर जास्त?"

"किंचित."

"असं होय," सासरे म्हणाले. फ्लास्क घेतला आणि आत गेले. पुटपुटणं ऐकू आलं नाही. तिला वाटलं, साखरेचं बोलायला नको होतं.

जेवायला बसले तेव्हा नवऱ्याने वाटी पुढे ओढत विचारलं, "काय, आज कोरं पाणी पिऊन दिवस काढलास म्हणे?"

"म्हणजे?"

"अगं, बाबांनी सकाळी घाईत नुसतं उकळतं पाणीच भरलं फ्लास्कमध्ये. चहापत्ती, पुदिना, दूध, सगळं ओट्यावर तसंच! दुपारी मला दुकानात फोन. म्हणे, पोरीला काय वाटेल, माझं डोकं चाललं बहुतेक. मी म्हटलं, ती हसेल हो. हसलीस की नाही?"

तिचा घास तोंडात तसाच राहिला. समोर बघायची हिंमत होईना.

सासऱ्यांनी शांतपणे पाण्याचा पेला उचलला. "हसली की. दारातच हसली," ते म्हणाले. "भात वाढ रे मला."

त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिला पाठीशी घातलं, आणि ती ताटावर बसल्या बसल्या एवढीएवढीशी झाली.

सकाळी फ्लास्क नेहमीच्या जागी भरून ठेवलेला होता. "झाकण घट्ट आहे," सासरे म्हणाले, पेपरातून डोळे न काढता.

मिशीवाले गाल धरून हजर झाले होते. "आणा मॅडम, दोन दिवस तोंडाला चव नाही." तिने कपात ओतलं. स्वच्छ, वाफाळतं पाणी.

"हे काय? सासरेबुवा रुसले की काय?"

"नाही साहेब. आजचा माझ्यासाठी आहे," ती म्हणाली आणि कप स्वतःकडे ओढला. घोटाघोटाने सगळं पाणी तिने संपवलं. त्या दिवशी तिचा आवाज असा लख्ख लागला की एक म्हातारी काचेपाशी येऊन म्हणाली, "काय गोड बोलतेस गं बाई!" तिला मात्र आपलं ते गोड बोलणं कानात शिसं ओतल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी सासऱ्यांनी दार उघडलं. हात पुढे केला, फ्लास्क घेतला, कानाशी हलवून बघितला आणि वळले. प्रश्न नाही.

ती चपला घालूनच उंबऱ्यात उभी.

"बाबा, विचारलं नाहीत?"

"पाण्याची काय चव विचारायची?"

"बाबा, मी एकही चहा प्यायले नाही. दूध घेतलं की माझा आवाज बसतो. पहिल्या दिवशी एक घोट घेतला होता, तेवढाच."

सासरे वळले नाहीत. "तो कसा होता?"

"लवंग फार होती."

"मला वाटलंच होतं." फ्लास्क दुसऱ्या हातात घेत ते म्हणाले, "मग ते शेजारच्या खोलीतलं संत्रं?"

"रचलं मी."

"आणि दार किलकिलं?"

"तेही."

"दार चांगलं होतं," ते म्हणाले. "मग पीत कोण होतं?"

"आमचे कंट्रोलर. मिशीवाले."

आता मात्र सासरे गर्रकन वळले. "तो मिशाळ? अगं, त्याने मला जन्मभर लेट मार्क लावले! घाटात दरड कोसळली तरी म्हणायचा, तुम्ही लवकर निघायचं होतं! त्याच्यासाठी मी उन्हातून पुदिना आणत होतो?"

तिला हसू फुटणार, तोच सासऱ्यांचा आवाज खाली आला.

"आणि वेलदोड्याचं? तिच्या हातांचं म्हणालीस ते?"

बाहेर जिन्यात कुणीतरी सायकल ठेवत होतं. ती वाकून चपला काढू लागली. रोज हजार माणसांना रस्ता सांगणारी बाई, पण तिला एक शब्द सापडेना.

"बरं," सासरे म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

ती मागोमाग गेली. फळीवरून वेलदोड्याचा डबा काढून त्यांच्यासमोर ठेवला. "बाबा, आत्ता करा. दूध नको. मी इथेच पिते."

ते नको म्हणाले नाहीत. त्यांनी पाणी ठेवलं, वेलदोडे खलात घालून चेचले, चहापत्ती टाकली. गियर बदलावा तसा गॅस कमी केला. कप तिच्यापुढे सरकवला आणि पाठ करून ओटा पुसत राहिले. ओटा स्वच्छच होता.

तिने घोट घेतला. आधी गरम. मग वेलदोडा, थेट नाकात चढणारा, जरा जहालच. मग चहाचा कडवटपणा, टाळूला धरून बसलेला. तिने डोळे मिटले, पण या वेळी खरंच शोधायला. आईंचे हात. कपडे पिळणारे, तिच्या तापल्या कपाळावर ठेवलेले. पुन्हा घोट घेतला. पुन्हा शोधलं.

"बाबा," ती म्हणाली, "आईंच्या हातांना हा वास नव्हता. त्यांच्या हातांना कपड्याच्या साबणाचा वास यायचा. पिवळ्या वडीच्या."

सासऱ्यांचा फडका थांबला.

"हो ना?" ते म्हणाले. "मलाही तेच आठवत होतं. पण तू म्हणालीस वेलदोडा, तेव्हा म्हटलं, मीच विसरलो असेन. एवढी वर्षं संसार केला आणि बायकोच्या हाताचा वास विसरलो, असं वाटत राहिलं मला. रोज वेलदोडा घालून बघत होतो, आज तरी आठवतंय का."

तिने कप खाली ठेवला. एवढे दिवस तिला वाटत होतं, आपण फक्त चहा ओतून देतोय.

"बाबा..."

"राहू दे," ते म्हणाले. माफ केलं असं नाही, आणि नाही केलं असंही नाही. फडका झटकून त्यांनी खिळ्याला अडकवला आणि समोरच्या स्टुलावर बसले. गुडघ्यांवर हात ठेवून तिच्या कपाकडे बघत राहिले. मग जरा अडखळत त्यांनी विचारलं,

"हा कसा झालाय?"

"वेलदोडा जास्त," ती म्हणाली. "आणि कडू आहे."

त्यांनी मान हलवली. ती निवलेला चहा तळापर्यंत प्यायली. तळाशी सालींचा गाळ होता, तोही तिने सोडला नाही.